एक सामना, दोन पडदे

पॉली उम्रीगर यांचे बालपण आमच्या सोलापुरात गेले. तेव्हा येथील गृहस्थास क्रिकेटचे वेड असावे, यात नवल ते कोणते! १९८३ चा विश्वचषकाचा अंतिम सामना आम्ही सर्व कुटुंबीयांनी एका रेडिओभोवती बसून ऐकला. पुढे दूरदर्शन आले, तरी बैठक एकच राहिली. ती मोडली एका व्यवहाराने. जून २०२२ मध्ये नियामक मंडळाने आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांस विकले. त्यातही येथील दूरचित्रवाणीचे एका कंपनीस व मोबाइलचे दुसरीस. २०२३ मध्ये त्या दुसरीने सामने फुकट दाखविले, आणि आमची नातवंडे आपापली यंत्रे घेऊन माडीवर गेली. (विभाजनाचे हे गणित मी वर्गात कधी शिकविले नव्हते.) नोव्हेंबर २०२४ मध्ये या दोन्ही व्यवसायांचे एकीकरण झाले, नातवंडे मात्र खाली आली नाहीत.

मोबाइलवरील चित्र काही क्षण मागे असते. गडी बाद होताच मी "गेला!" म्हणून ओरडलो की माडीवरून तक्रार येते, "आजोबा, आधी सांगू नका ना!" परवा मी तोंडावर उपरणे धरून बसलो. षट्कार गेला, तरी मौन. तेव्हा धाकटी नात जिन्यावरून डोकावून विचारते, "आजोबा, झोपलात का?"