खालाअम्मींच्या दारातली टाकी

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे मिरजेहून आटपाडीला खालाअम्मींकडे गेलो. भिवघाट मागे पडला की माणदेशचं उघडं माळरान सुरू होतं. मधूनच डाळिंबाच्या बागा हिरव्या दिसतात. टेंभूचं पाणी आल्यापासून हे हिरवं थोडं वाढलं आहे.

खालाअम्मींकडे दोन म्हशी, चार शेळ्या आणि दारात गोबरगॅसची टाकी. टाकीवर काळी टोपी तरंगते. फजरला उठलो तेव्हा ती चांगली वर आलेली होती. भाकरी आणि सालन होईपर्यंत पुन्हा खाली बसली. मुलांना याचंच मोठं नवल वाटलं. आम्हाला नवल वाटलं ते पातेल्याचं. बुडाला काजळी नाही की घरात धूर नाही. नानींचे डोळे चुलीपुढे गेले, ते आठवलं.

टाकी एक घनमीटरची. रोज पंचवीस किलो शेण आणि तेवढंच पाणी घालायचं. दोन म्हशींचं शेण जेमतेम पुरतं. महिन्याला जवळपास एका सिलिंडरएवढं काम होतं. बाहेर पडणारा शेणकाला खालूंच्या डाळिंबांना जातो.

हिशेब सोपा वाटतो, पण आटपाडीत अडतं ते पाण्यावर. पंचवीस लिटर म्हणजे टँकरच्या दिवसांत दोन घागरी. 2013 च्या दुष्काळात तर म्हशीच चाऱ्याच्या छावणीत न्याव्या लागल्या. "म्हैस गई छावनी में, तो गॅस बी गया," खालाअम्मी हसून सांगत होत्या. तेव्हा मात्र हसू आलं नसणार. टाकी सुकली आणि पुन्हा गौऱ्या, पुन्हा धूर. म्हशी परतल्यावर टाकी नव्याने शेणाने भरली. दोन-तीन आठवडे वाट पाहिली. पहिला गॅस पेटत नाही, तो सोडून द्यावा लागतो, हे तेव्हा कळलं.

आता पाणी असं भागवतात: तांदूळ-डाळ धुतलेलं, भांडी नुसती विसळलेलं पाणी बादलीत साठवतात आणि तेच शेणात कालवतात. साबणाचं पाणी मात्र नाही, त्याने आतले जिवाणू मरतात. खालूंनी वजूचं पाणीही घमेल्यात धरून घालू या म्हटलं, तर खालाअम्मी एकदम म्हणाल्या, "तौबा! वो पानी नीम को डालो." आता ते निंबालाच जातं. शेणाच्या गॅसवरचा स्वयंपाक पाक आहे का, अशीही शंका मोहल्ल्यात निघाली होती. इमामसाहेब हसले. गौऱ्यांवरच्या भाकरी खाऊन आपण सगळे मोठे झालो, म्हणाले.

बकरी ईदला एक उपयोगाची गोष्ट होते. ओझडीतला अर्धवट पचलेला चारा एरवी उकिरड्यावर दुर्गंधी करत पडतो. खालाअम्मी तो थोडा थोडा टाकीत घालतात. म्हशीच्या आणि बकऱ्याच्या पोटात जे चालतं तेच टाकीत चालतं, त्यामुळे तो तिला मानवतो. एका वर्षी दावतीचं उरलेलं सगळं बिर्याणी-उष्टं एकदम टाकलं. टाकी आंबली, गॅस बंद. चार-सहा दिवस नुसतं शेण घातल्यावर ती सावरली.

आम्ही मिरजेत, म्हैस कुठून आणणार? पण पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शिळ्या भाकरी-भातावर, पिठाच्या उष्ट्यावर चालणारी छोटी टाकी बसवून दाखवली. त्या कामाला 2006 मध्ये ऍश्डेन पुरस्कार मिळाला. तिला शेण लागतं ते फक्त सुरुवातीला. दस्तरखानावर उरलेले तुकडे आम्ही रोज फेकतो. आमच्या गच्चीत अशी टाकी मावेल का, हे खालूंनी पट्टीने मोजायला सांगितलं आहे.

निघताना खालाअम्मी चहाला उठल्या. आधी दारात जाऊन टोपी पाहिली, मग म्हणाल्या, "बैठो, सबके चाय का है."