भाजणीच्या चक्कीखालचं पीठ

आमच्या गिरणीत तीन चक्क्या आहेत. एक गव्हाची, एक तांदूळ-ज्वारीची आणि तिसरी भाजणीची. तिसरीला वर्षभर फारसं काम नसतं. नवरात्र सरलं की मात्र दिवाळीच्या आदल्या रात्रीपर्यंत उसंत नसते. रात्री शटर ओढल्यावर तिच्याखाली सांडलेलं पीठ मी झाडून वेगळ्या डब्यात भरतो. खरपूस भाजलेले तांदूळ, चणाडाळ, उडीद, धणे, जिरे, निम्म्या पनवेलच्या चकल्या त्यात एकत्र आलेल्या असतात. ते माणसाच्या ताटात जाण्यासारखं नसतं. पण कटल्यासाठी याहून चांगलं आमिष चाळीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेलं नाही.

नवीन गळवाले मला पहिला प्रश्न वासाचा विचारतात. वेखंड घालू का, बडीशेप घालू का, दुकानातली रंगीत पुडी चांगली का? वासाचं महत्त्व आहेच. पण मी त्यांना आधी काचेचा ग्लास घ्यायला सांगतो. त्यात पाणी भरायचं, बोराएवढी गोळी सोडायची आणि घड्याळ लावून बघत बसायचं. नुसत्या कणकेची गोळी तासाभरानेही रबरासारखी तशीच राहते, कारण गव्हातलं ग्लुटेन तिला सोडत नाही. नुसत्या पेंडीची गोळी तळाला टेकायच्या आत फुटते. भाजणीची गोळी मिनिटभर गप्प असते, मग तिच्या अंगावरून बारीक धूर निघाल्यासारखं पीठ सुटायला लागतं. उडदाचा चिकटपणा तिला धरून ठेवतो आणि तांदूळ तिला हळूहळू मोकळं करतो. हा धूर साधला की आमिष साधलं.

कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं. तो पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाणारा मासा, त्यामुळे घट्ट लाडवापेक्षा लाडवाभोवतीचा ढग तो ओढून घेतो आणि त्या ढगाबरोबर गळ तोंडात जातो. म्हणून त्याची गोळी अधांतरी ठेवायची आणि पाच-सात मिनिटांत विरघळेल इतकी सैल मळायची. रोहू मधल्या थरात हिंडतो, त्याला थोडी घट्ट चालते. मृगळ आणि सायप्रिनस तळ हुंगत फिरतात. सायप्रिनसच्या ओठांशी मिशांच्या दोन जोड्या असतात आणि त्यांना चव कळते. तो गोळी ओढून घेतो, तपासतो, थुंकतो, पुन्हा घेतो. त्याला जठर नाही आणि दात आहेत ते घशात. त्यामुळे सारखं थोडंथोडं खात राहणं हीच त्याची रीत. त्याच्या गोळीने वीस मिनिटं तग धरला पाहिजे.

माझं माप साधं आहे. दोन वाट्या शेंगदाण्याची पेंड, शक्यतो लाकडी घाण्याची, कारण तिच्यात तेल जास्त राहतं. एक वाटी भाजणीचं पीठ, मूठभर तांदळाचा कोंडा, सुपारीएवढा गूळ. कणीक अगदी शेवटी, चमचा-चमचा, ग्लासातलं घड्याळ सांगेल तेवढीच. पाणी त्याच तळ्याचं. बरेचजण गोळी टिकावी म्हणून कापूस मिसळतात. मला ते पटत नाही. मासा निसटला तर तो कापूस त्याच्या पोटात जातो.

पेंड-कोंडा का चालतो, याचं कारणही सांगण्यासारखं आहे. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. साचलेल्या तळ्यात ते अंडी घालत नाहीत. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण घडवून आणली आणि तेव्हापासून बीज केंद्रांत तयार होऊ लागलं. तळ्यात सोडलेली ही पिलं बहुधा पेंड आणि कोंड्यावरच पोसलेली असतात. तो वास त्यांना बाळपणापासून ओळखीचा असतो.

ही विद्या काही आजची नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मत्स्यविनोदाचं एक प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांचं खाणं आणि गळाने मासे धरण्याची रीत त्यात सांगितली आहे. एका राजाला हे लिहून ठेवावंसं वाटलं, याचा मला फार आनंद होतो.

मिशीवाल्या माशांचं गणित वेगळं. शिंगाळा, मांगूर यांच्या सगळ्या अंगालाच चव कळते, अंधारातही ते आमिष हुडकून काढतात. इथे वासच राजा. उरण नाक्यावरच्या बाजारात मी कोळणीकडे कोलंबीची टरफलं मागतो. “मांजरीला का रे?” ती विचारते. “नाही मावशी, माशाला.” ती हसते आणि आणखी मूठभर पिशवीत टाकते. टरफलं उन्हात वाळवून सुकटीबरोबर कुटायची आणि नाचणीच्या पिठात मळायची. कोंबडीचं काळीज गळावर टिकत नाही ही सगळ्यांची तक्रार. ते रात्रभर खड्या मिठात ठेवलं की चिवट होतं. मासा सोडवताना मात्र पंखाचा काटा सांभाळा. शिंगाळ्याचा काटा बसला की हात दिवसभर ठणकतो. आणि परदेशी मांगूर लागला तर तो पुन्हा पाण्यात सोडू नका. त्याच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे, तो आपले मासे खाऊन टाकतो.

तरुणपणी एका उन्हाळ्यात मी आटत चाललेल्या गावतळ्यात दोन किलो पेंड एकदम फेकली, मासे गोळा व्हावेत म्हणून. मासे आले, पोटभर खाल्लं आणि गळाकडे फिरकलेही नाहीत. उरलेली पेंड तळाशी सडली, पाण्यातला प्राणवायू तिने खाल्ला. तिसऱ्या दिवशी पहाटे बारकी पिलं पाण्यावर तोंडं उघडून श्वास शोधत होती. काठावर बसून ते पाहण्यापलीकडे मला काहीच करता आलं नाही. तेव्हापासून चारा म्हणून एक ओंजळ, जास्त नाही, आणि उरलेला गोळा घरी परत. मृगाच्या पहिल्या पावसात वलगण लागते, गाभोळीने भरलेले मासे ओढ्याने वर चढतात. त्या दिवसांत माझा गळ भिंतीवर टांगलेला असतो.

आता दिवाळी झाली की गाढी नदीचं पाणी थंडावेल. थंड पाण्यात माशाचं पचन मंदावतं, भूक कमी होते. गोळी हरभऱ्याएवढी करायची, पेंड निम्म्यावर आणायची, भाजणी वाढवायची. यंदाची पहिली दळणं कालच झाली, डब्यात बोटभर पीठ जमलंय.