सहा चौकोन, आठ त्रिकोण

शरदाची सुट्टी लागली की आमच्या परिचयातील आईबापांच्या तोंडी एकच प्रश्न येतो : या मुलांचे आता करावे तरी काय? शाळा बंद, ऊन अद्याप कडक, आणि घरोघरी दिवाळीच्या साफसफाईची धांदल. मग कोणी मुलांना चित्रकलेच्या वर्गात घालतो, कोणी संस्कारवर्गात. या दुसऱ्या प्रकारच्या वर्गात मुलांकडून हात जोडून घोकवून घेतात की, आम्ही आईचे ऋणी आहोत, गुरूंचे ऋणी आहोत, शेतकऱ्याचे ऋणी आहोत. हेतूविषयी आमची तक्रार नाही. परंतु घोकलेली कृतज्ञता ही न वाचता सही केलेल्या प्रतिज्ञालेखासारखी असते, आणि असे प्रतिज्ञालेख उलटतपासणीत किती टिकतात हे आम्ही वकिलांनी सांगावयास नको.

कायद्याला कृतज्ञता ठाऊक नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो सर्वस्वी खरा नव्हे. 1872 च्या करार कायद्याचे 25 वे कलम सांगते की, मोबदल्यावाचून केलेला करार निरर्थक होय. पण त्याच कलमाच्या पोटी एक अपवाद आहे. कोणी आपण होऊन आपल्यासाठी पूर्वी काही केले असेल, आणि त्याची भरपाई करण्याचे वचन आपण मागाहून दिले, तर ते वचन बंधनकारक ठरते. मौज अशी की, ते वचन देवविण्याचा अधिकार मात्र कोणत्याही न्यायालयास नाही. ते ज्याचे त्याने द्यावयाचे. शिवाय साध्या उसनवारीच्या दाव्यास तीन वर्षांची मुदत. ती टळली की सावकार हात चोळीत बसतो. देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांना आमच्या पूर्वजांनी अशी मुदत घातली नाही. कदाचित त्यामुळेच आम्ही ती फेडण्याची घाई करीत नाही!

असो. सांगावयाचे ते इतकेच की, मुलाला ऋणाची जाणीव करून द्यावयाची तर त्याच्या हातून काही तरी घडवून घ्यावे, आणि त्यासाठी लागणारी प्रत्येक वस्तू त्याला कोणाकडे तरी मागावयास लावावी. आमच्या सणांची रचना पाहिली तर ती याच धोरणाने झालेली दिसते. बेळगावास आमच्या मावशींच्या वाड्यात दिवाळीचा किल्ला होई. दगड एका घरचे, तांबडी माती दुसऱ्या घरच्या परसातली, गोणपाट वाण्याकडचे, मावळे कुंभाराकडचे. तटावर अळीव पेरले की चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होई, आणि तोवर सारी गल्ली किल्ल्याची भागीदार झालेली असे. माळव्यात मुली पितृपंधरवड्यात भिंतीवर शेणाची संजा मांडतात व तिला फुलांच्या पाकळ्या लावतात. त्या पाकळ्यांसाठी किती कुंपणांशी उभे राहावे लागते हे आमच्या इंदूरच्या भाच्या रंगवून सांगतात. आमच्या गोव्यात नरकचतुर्दशीच्या सकाळी दुधातले, ताकातले, रोसातले, फोडणीचे असे नाना तऱ्हांचे फोव होतात, आणि वाट्या पोहोचविण्याचे काम मुलांकडे असते. रिकामी वाटी परत येत नाही, हा धडा कोणत्याही वर्गात शिकवीत नाहीत.

या सर्वांत आमची विशेष प्रीती आकाशकंदिलावर आहे. बाजारात घडीचे कंदील मिळतात. उघडले की झाले. आम्ही म्हणतो तो कंदील कामट्यांचा. एकसारख्या लांबीच्या चोवीस कामट्या घ्याव्या, चार-चार बांधून सहा चौकोन करावे, आणि चौकोनांचे कोपरे एकमेकांस बांधीत जावे. मूल चौकोनच बांधीत असते. पण शेवटची गाठ पडते तेव्हा त्याला दिसते की, चौकोनांच्या मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार झालेले आहेत. ते कोणी बांधले नाहीत, मागितलेही नाहीत. ते पाहून मुलाच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. पुढे पतंगाचा कागद, खळ, झिरमिळ्या. वरचा चौकोन टांगण्यासाठी उघडा, खालचा दिव्यासाठी. एक कामटी बोटभर लांब झाली तर सारा कंदील कलतो, व मग सुताराच्या कामाविषयी मुलाच्या मनात जो आदर उत्पन्न होतो तो कायमचा.

नरकासुराविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून गोव्यातील वाचक आम्हांस सोडणार नाहीत. जुने कपडे, गवत आणि रद्दी यांतून वाड्यावरच्या पोरांनी उभा केलेला राक्षस ही खरोखर कल्पकतेची वस्तू होती, आणि जेथे तो अजून तसा होतो तेथे आहेच. मुखवटे विकत, बक्षिसे रोख आणि रात्रभर कर्णे, हा प्रकार निराळा. तेथे मुलांच्या वाट्यास जागरण तेवढे उरते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. अंत्रुज महालातील एका देवस्थानात मुलांसाठी कंदिलांची स्पर्धा होते, आणि तिच्या परीक्षकांत आमची नेमणूक झाली होती. नियमपत्रिकेत स्वच्छ लिहिले होते की, कंदील स्पर्धकाने स्वतः तयार केलेला असावा. सर्वांत देखणा कंदील रथाच्या आकाराचा होता. चाके फिरत, घोड्यांच्या माना हलत. आम्ही मुलाला विचारले, ‘बाळ, या चाकाचा आस कशाचा केलास?’ मुलाने वडिलांकडे पाहिले, आणि उत्तर वडिलांनी दिले. त्याच्या पलीकडे दहा वर्षांची एक मुलगी सहा चौकोनांचा, थोडा कललेला कंदील घेऊन उभी होती. आम्ही विचारण्याआधीच ती म्हणाली, ‘वकीलबाब, हांवेंच केला.’ मग तिने हिशेब दिला. कामट्या नदीपलीकडच्या सुपे विणणाऱ्या आजीने ताशून दिल्या, खळ घरच्या आजीने शिजवली, बांधावयाचा केळीचा दोर देवळासमोरच्या फुलवाल्याकडचा. एका कामटीचे कूस बोटात गेले होते तेही दाखविले.

पहिले बक्षीस रथास मिळाले. परीक्षक आम्ही तिघे. मत दोनास एक. ‘सुबक वस्तूचा अपमान कसा करावा?’ असे आमचे स्नेही म्हणाले. न्यायासनावर भिन्नमत नोंदविण्याची चाल आहे, तिला अनुसरून आम्ही आमचे मत कागदावर लिहून समितीस दिले : वस्तू सुबक आहे, परंतु स्पर्धकाची नव्हे, नियम शोभेसाठी छापावयाचा असेल तर पुढील वर्षी न छापलेला बरा. रथाच्या मुलाविषयी आम्हांस वाईट वाटले. बक्षीस घेताना त्याने मान वर केली नाही. त्याच्या हातातून काय काढून घेतले गेले हे त्यालाच अधिक कळले असावे.

मुलीचा कंदील स्पर्धेनंतर तिच्या घरी गेला नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही होडीघाटाकडून येत होतो, तेव्हा तो नदीपलीकडे सुपे विणणाऱ्या आजीच्या दारात दिसला. म्हातारीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कंदिलांना कामट्या पुरविल्या होत्या. दारात कंदील मात्र हा पहिलाच, असे तिनेच आम्हांस सांगितले.

पुढील वर्षी समितीने स्पर्धेची रीत बदलली. कंदील घरून आणावयाचा नाही. देवळात सर्वांसमोर दुपारभर बसून करावयाचा. इथवर सर्वांचे एकमत झाले. कामट्या ताशून दाखविण्यास त्या आजीस बोलवावे, अशी सूचना आम्ही मांडली, तेव्हा मात्र सभेत शांतता पसरली. एक गृहस्थ म्हणाले, ‘कामट्या विकत आणू, पैसे समिती देईल.’ दुसऱ्यांनी विचारले, ‘ती बसणार कुठे?’ प्रश्न बसण्याच्या जागेचा नव्हता, हे तेथे प्रत्येकास कळत होते. अस्पृश्यता नष्ट करणारे राज्यघटनेचे 17 वे कलम 1950 पासून अमलात आहे, आणि ते आमच्या ओठांवर आले होते. पण कलम उच्चारले की सभेचे न्यायालय होते, आणि न्यायालयात माणसे हरतात, बदलत नाहीत. आम्ही एवढेच विचारले की, देवाच्या नैवेद्याचे तांदूळ कोणाच्या सुपात पाखडले जातात? उत्तर देवळाच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या वृद्ध बाईंनी दिले, तेही दारामागून. त्यानंतर ठराव झाला की, आजीने सभामंडपात बसून मुलांना शिकवावे.

त्या दुपारी आजी कोयता आणि हिरव्या बांबूचे दोन तुकडे घेऊन आली. समितीच्या कार्यवाहांनी स्वतः पुढे होऊन ‘आत या, आजी’ म्हटले. तिने नमस्कार केला, मंडपातल्या नव्या सतरंज्यांकडे पाहिले, आणि ती बाहेरच्या पायरीवरच बसली. पुन्हा विनविले तरी उठली नाही. बांबू उभा धरून तिने कोयत्याने पहिली चीर दिली, तो कडकन आवाज ऐकून एक मुलगा मंडपातून उठून पायरीवर गेला. त्याच्यामागून दुसरा. रथाचा तो मुलगाही होता. थोड्याच वेळात सगळी मुले तिच्याभोवती पायऱ्यांवर दाटीने बसली, आणि सभामंडपातल्या सतरंज्या दिवेलागणीपर्यंत रिकाम्या राहिल्या.