मान टाकलेले रोप

राणीच्या बागेत लोक जातात ते पेंग्विन पाहायला. मी गेलो तो पिशवीत एक डहाळी घेऊन! शेजाऱ्यांनी बिऱ्हाड हलवताना एक बिननावाचे रोप आमच्या हवाली केले होते. त्याची नवी पालवी तांबूस, मऊ आणि चिंधीसारखी लोंबणारी. माळीबुवा म्हणाले, "साहेब, हे गेलं. उपटून टाकू?" आमची सौभाग्यवती म्हणाली, "आधी जात तरी कळू द्या त्याची."

१८६२ साली खुल्या झालेल्या या बागेत जुनी झाडे पुष्कळ. गर्द सावलीच्या एका झाडापाशी थबकलो. तीच लोंबती पालवी! हा सीतेचा अशोक. बंगल्यांच्या कुंपणाशी सरळसोट उभा असतो तो निराळा. त्याची पाने सुटी, लांबट, नागमोडी कडांची. सीतेच्या अशोकाच्या एका देठावर पानांच्या जोड्या असतात. कोवळेपणी त्या लोंबतात, पुढे हिरव्या होऊन सावरतात. रोप मरत नव्हते, वाढत होते!

हे झाड मूळचे सह्याद्रीतल्या ओढ्याकाठचे. म्हणून लहानपणी त्याला भर ऊन सोसत नाही. आम्ही ते इमारतीमागे आंब्याच्या सावलीत लावले. बुंध्याशी पालापाचोळा पसरला. ओल राहील, पण पाणी तुंबणार नाही, एवढे पाहिले. फुलांना काही वर्षे थांबावे लागेल. मग वसंतात जुन्या फांद्यांवरच केशरी गुच्छ उमलतील. औषधासाठी साल ओरबाडल्याने रानातला हा अशोक विरळ होत चालला आहे. वाचकहो, एक तरी आपल्या आवारात वाढू द्या.