पडदा ओढून पळणारी माणसं

आज जरा मोठं लिहितोय. गणपतीची गडबड आटोपली, दुकानात गर्दी नाही, म्हणून वेळ आहे. विषय तसा घरगुती आहे, पण वाचून झाल्यावर तुम्हाला तो फक्त माझ्या घराचा वाटणार नाही.

तर झालं असं. मागच्या हिवाळ्यात देवमामलेदारांच्या यात्रेत फिरताना मला धाप लागली. चढ नाही, ओझं नाही, पाळण्यांपासून मंदिरापर्यंत चाललो तेवढाच. माझं वय 45. ज्या तालुक्यात 1567 मीटरचा साल्हेर आहे, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, त्या तालुक्यातला माणूस सपाटीवर दम टाकतोय. लाज वाटली.

जानेवारीत रक्त तपासलं. एचबीएवनसी 6.3. डॉक्टर म्हणाले, "अजून मधुमेह नाही. 6.5 ला दार आहे, तुम्ही उंबऱ्यावर उभे आहात." माझ्या वडिलांच्या पायाची दोन बोटं ह्याच दुखण्यात काढावी लागली होती. शेवटची चार वर्षं ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय बघायचे. त्यामुळे तो आकडा काय सांगतो ते मला समजावून द्यावं लागलं नाही.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत गल्ल्यावर. बियाणं, खतं, औषधं. डाळिंबाला तेल्या आला, कांद्याला करपा आला, काय मारू? सगळं बसून. आल्या-गेल्याबरोबर चहा, दिवसाला सात-आठ कप, तेही गोड. शेतकऱ्याला सल्ला देणारा मी, स्वतः मात्र खुर्चीत रुतलेला.

डॉक्टरांनी आठवड्याला 150 मिनिटं घाम येईल असं चालायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना किमान तेवढंच सांगते. ठीक आहे, बूट आणले आणि पहाटे निघालो. पण निघायचं कुठं? आपल्या गावाच्या पोटातूनच हमरस्ता जातो. पहाटेपासून ट्रक, कांद्याचे ट्रॅक्टर, धूळ. साइडपट्टीवर चालायचं म्हणजे एक डोळा समोर आणि एक कान मागं. पंधराव्या दिवशी मागून मोठा हॉर्न आला, मी दचकून बाजूला उडी मारली आणि पाय मुरगळला. तीन आठवडे घरी. बूट कोनाड्यात गेले.

जिम? गेलो होतो. वीस-बावीस वर्षांची पोरं आरशासमोर, गाणी छाती फुटेल अशी, आणि मी सुटलेल्या पोटाचा काका. दोन दिवसांत परत फिरलो. चूक त्यांची नाही, माझाच संकोच.

मार्चमध्ये पुतण्या कॅनडाला निघाला. पुण्यातली खोली रिकामी करताना त्यानं एक खोकं आणून दिलं. "काका, हे वापरा. विकलं तर चार पैसे येतील, पण तुम्ही वापरलं तर जास्त बरं वाटेल." आत निन्टेन्डो स्विच आणि 'रिंग फिट ॲडव्हेंचर' नावाचा गेम.

आता 'गेम' म्हटल्यावर आपल्या गावात कपाळाला आठ्या पडतात, आणि त्याला कारण आहे. ओळखीतल्या एका पोरानं मोबाइलवरच्या रमीत बापाच्या कांद्याचे पैसे घालवले, ते मी जवळून पाहिलंय. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, तेव्हा दुकानात बसलेल्या चारही बापांनी "फार उशीर केला" असंच म्हटलं. म्हणून मी हे खोकं कुणाला दाखवलं नाही. गुढीपाडव्याला संध्याकाळी बैठकीचा पडदा ओढला, टीव्हीला वायर लावली आणि सुरू केलं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा गेम बसून खेळताच येत नाही. हातात स्टिअरिंगएवढी एक लवचिक रिंग असते. तिच्यात एक छोटा कंट्रोलर बसवायचा, दुसरा पट्ट्यानं डाव्या मांडीला बांधायचा. तुम्ही जागच्या जागी पळालात की टीव्हीतला माणूस पळतो. तुम्ही थांबलात की तोही थांबतो. वाटेत राक्षस आले की बैठका मारायच्या, रिंग दाबायची, गुडघे वर उचलायचे, आसनं करायची. तेवढ्यानंच ते मरतात. मुख्य खलनायक कोण, तर व्यायामाच्या नादी लागलेला एक पीळदार ड्रॅगन. सुरुवातीला वय, वजन विचारून झेपेल एवढंच देतो. व्यायाम झाल्यावर अंगठा सेन्सरवर ठेवला की नाडी मोजतो. थोड्या वेळानं स्वतःच विचारतो, आज इथं थांबायचं का? रमीवाल्या ॲपनं कुणाला कधी असं विचारलंय?

ही कल्पना नवी नाही. पायाखालच्या चौकोनांवर नाचायचे जपानी गेम 1998 सालीच आले होते. 2007 मध्ये ह्याच कंपनीनं वजनाच्या काट्यासारख्या फळीवर उभं राहून करायचा 'वी फिट' आणला. 2010 ला मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट आला, तो तर नुसत्या कॅमेऱ्यानं तुमची हालचाल ओळखायचा. रिंग फिट ऑक्टोबर 2019 चा. पाच महिन्यांत जग घरात कोंडलं गेलं आणि ह्या रिंगेसाठी परदेशात मारामार झाली. आपल्याकडं मात्र ह्याची कुणाला गंधवार्ता नव्हती.

पहिल्या दिवशी आठ मिनिटांत माझा जीव गेला. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलत होत्या. चौथ्या दिवशी आई पडदा बाजूला करून आत डोकावली. वय 74, तिची भाषा अजून अस्सल अहिराणी.

"हाई काय शे रे भाऊ? घरमाच पयी ऱ्हायना का?"

म्हटलं, हो आई, घरातच पळतोय. ती पाच मिनिटं बघत राहिली. मग म्हणाली, तुझ्या बापाला हे मिळायला हवं होतं. आणि आत निघून गेली. त्या दिवशी मी आणखी दहा मिनिटं जास्त पळालो.

अडचणी होत्याच. वर भाडेकरू आणि खाली आमचं दुकान, म्हणून धपधप आवाजाची भीती. त्यावर गेममध्येच उपाय सापडला: आवाज न करण्याचं सेटिंग. पळण्याऐवजी गुडघ्यात थोडं वाकायचं, तरी टीव्हीतला गडी पुढं जातो. वीज गेली की यंत्र टीव्हीपासून सोडवून टेबलावर ठेवायचं, बॅटरीवर चालतं. पडदा तळहातापेक्षा थोडा मोठा, पण राक्षस दिसतो.

खरी गोष्ट पुढं आहे.

जूनच्या शेवटी एकदा सकाळी यंत्र सुरू केलं, तर सुरुवातीला नाव निवडायच्या जागी माझ्या चित्राशेजारी दुसरं चित्र. मला वाटलं पोरीचं असेल, ती दहावीला आहे. उघडून बघितलं. माझा एकूण व्यायाम 11 तास, ह्या दुसऱ्या माणसाचा 19!

पोरीला विचारलं. ती हसली. "माझं नाही पप्पा. मी फक्त नाव टाकून दिलं. आईचं आहे."

आमच्या सौ. रोज साडेअकराला, मी दुकानात, पोरगी शाळेत, सासूबाई झोपलेल्या असताना, पडदा ओढून पळत होत्या. साडीचा पदर खोचून. तीन महिने. मला पत्ता नाही.

मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तिनं भाकरी थापता थापता उत्तर दिलं. "अहो, शाळेत असताना मी खो-खोच्या संघात होते. जिल्ह्यापर्यंत गेलो होतो आम्ही. लग्न होऊन ह्या गावात आले त्याला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षांत एकदा तरी मला पळताना पाहिलंय का तुम्ही?"

मी आठवून बघितलं. बस सुटत होती तेव्हासुद्धा ती भरभर चालली होती, पळाली नव्हती.

"तुम्हाला व्यायाम करायचा होता," ती म्हणाली. "मला पळायचं होतं."

मी आकड्यांचा माणूस. त्या रात्री हिशोब मांडला. 11 तास म्हणजे 660 मिनिटं, तेरा आठवड्यांत. आठवड्याला 50. डॉक्टरांच्या 150 चा तिसरा हिस्सा, आणि मी मात्र गावभर मनातल्या मनात पैलवान झालो होतो. हा गेम फक्त अंग हलतं तेवढाच वेळ मोजतो, गप्पा आणि पाणी पिणं धरत नाही. मग मोठा आकडा आठवला. 2024 मध्ये लॅन्सेटच्या एका नियतकालिकात आलं होतं की 2022 मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुष 42 टक्के, स्त्रिया 57 टक्के. तेव्हा वाचून मी म्हणालो होतो, बायका घरात एवढं काम करतात, हे कसं शक्य आहे? आता कळतं. घरकामानं अंग मोडतं, पण छातीत वारा भरून घेण्याची संधी त्यांना कोण देतो? मला रस्त्यावर ट्रकची भीती होती. तिला ट्रकची होती आणि लोकांच्या नजरेचीही. पुरुष पहाटे एकटा चालला की "तब्येतीला जपतो". बाई एकटी पळाली की "हिला काय झालं?"

आता काहीजण म्हणतील, ह्यासाठी यंत्र कशाला, सूर्यनमस्कार काय वाईट? अजिबात वाईट नाहीत. औंधच्या पंतप्रतिनिधींनी शंभर वर्षांपूर्वी त्यांचा प्रसार केला, तेव्हापासून फुकटात उपलब्ध आहेत. ज्याला जमतात त्यानं तेच करावेत. हे यंत्र नवं घ्यायचं तर सगळं मिळून तीस हजारांच्या घरात जातं. कांद्याला क्विंटलमागे हजार रुपये धरले तर तीस क्विंटल कांदा! मी कुणाला घ्या म्हणणार नाही. मला ते फुकट मिळालं, आणि माझ्यासारख्या कंटाळखोराला रोज राक्षसाची ओढ लागली, एवढंच.

जूनच्या तपासणीत एचबीएवनसी 6.0 आला. श्रेय सगळं रिंगेला नाही. चहातली साखर सुटली, रात्रीचा भात निम्मा झाला. पण उंबऱ्यावरून एक पाऊल मागं आलोय.

जुलैपासून साडेअकराला शेजारच्या तिघीजणी आमच्याकडं येतात. एक पळते, बाकीच्या हसतात, मग पाळी बदलते. आई पलंगावर बसून राक्षस मोजते. पडदा अजून ओढलेलाच असतो.

त्या पडद्यापायीच ही पोस्ट. साडेतीन-चार हजार चौरस फुटांचं मैदान ज्या शाळेकडं आहे, त्या प्रत्येक शाळेनं पहाटे पाच ते सात फाटक उघडं ठेवलं, दोन दिवे लावले आणि त्यातले काही दिवस फक्त बायकांसाठी राखले, तर खर्च किती येईल? एका राखणदाराचा दोन तासांचा पगार. दहा व्यापारी मिळून तो सहज देऊ. माझा हिस्सा आजच धरा. शाळांच्या संचालकांपैकी जे ही पोस्ट वाचत असतील, त्यांनी फक्त "हो" म्हणावं, चाव्या-कुलपांचं आम्ही बघतो.

आणि तोवर एक काम करा. आज घरी गेल्यावर बायकोला, आईला, बहिणीला एवढंच विचारा: तू शेवटची पळालीस कधी?

उत्तर कमेंटमध्ये लिहा. मी वाट बघतोय.