कडी आतून लागते

ऑफिसात कुणी बदलापूरला घर घेतल्याचे पेढे वाटले की मी पेढा उचलायचो, अभिनंदन करायचो आणि मनात म्हणायचो, ‘गेला बिचारा!’ तोंडावर विनोदही करायचो. तिकडे जायला व्हिसा लागतो का, लोकलमध्ये जेवण देतात का, वगैरे. समोरचा हसून सोडून द्यायचा. त्याने वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घेतलेला असायचा, बायकामुलांना स्वतःच्या घरात नेलेलं असायचं. आणि ज्याच्या नावावर एक वीटही नव्हती तो मी त्याची थट्टा करायचो.

मी गिरगावातला. चाळीतल्या दोन खोल्या पागडीच्या, भाडेपावती आजोबांकडून वडिलांच्या नावावर आलेली. साहित्य संघात नाटक, चौपाटीवर विसर्जन, कोपऱ्यावर मिसळ. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव झाला, याचा मला असा काही अभिमान होता की जणू पहिली आरती आमच्याच घरच्यांनी म्हटली! ठाण्यापुढे मुंबई संपते आणि तिच्यासोबत संस्कृतीही, हे माझं ठाम मत. बदलापूर स्टेशनवर मात्र मी तोवर एकदाही उतरलो नव्हतो. कर्जतला जाताना खिडकीतून पाहिलं होतं, तेवढंच.

मुलगी मोठी झाली तसा घरात जागेचा विषय रोज निघू लागला. गिरगावातले भाव ऐकून गप्प बसलो. मुलुंड झेपेना, ठाण्यात नुसती चौकशी केली, डोंबिवलीत आवडलं ते परवडेना आणि परवडलं ते आवडेना. आमचं घर शोधणं मध्य रेल्वेच्या रुळांवरून पुढे पुढे सरकत गेलं. शेवटी २०१८ मध्ये बायकोने बदलापूरचं नाव काढलं. मी म्हटलं, “बघून येऊ. बघायला काय जातंय?” बघून आल्यावर नकार द्यायचा हे मनात पक्कं होतं.

फ्लॅट पूर्वेला होता, वन बीएचके, इमारतीला ओसी मिळालेली. “स्टेशनपासून दहा मिनिटं,” असं एजंटने फोनवर सांगितलं होतं. ती रिक्षाने दहा मिनिटं निघाली. मला आनंदच झाला, नकाराचं एक कारण हाती आलं. मग मी दोष शोधत घरभर फिरू लागलो. स्लॅबला ओल आहे का, पाणी किती वेळ येतं, लिफ्टला जनरेटर आहे का. एजंट खिडकीतून चंदेरीचा सुळका दाखवत होता आणि मी त्याला कार्पेट एरियावरून अडवत होतो.

बायको यातलं काहीच ऐकत नव्हती. तिने स्वयंपाकघर एका नजरेत पाहिलं आणि सरळ बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. आतून कडीचा आवाज आला. मग उघडल्याचा. पुन्हा लावल्याचा. त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. नळ नाही, पाणी नाही. एजंट माझ्याकडे बघू लागला, मला अवघडल्यासारखं झालं. शेवटी दार उघडून ती बाहेर आली आणि म्हणाली, “अहो, कडी नीट लागते आतून.”

एजंट हसला. “लागणारच की वहिनी, नवं दार आहे.” मीही हसलो. ती हसली नाही.

परतीच्या गाडीत उलट्या दिशेला गर्दी नव्हती. मी माझी कारणं मांडायला सुरुवात केली. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर, फास्ट गाडी धरली तरी दीड तास. तिने ऐकून घेतलं आणि अंबरनाथ गेल्यावर बोलायला लागली, अगदी साध्या आवाजात. लग्न झाल्यापासून ती पहाटे चारला का उठते, ते तिने सांगितलं. खोलीतल्या मोरीला दार नाही, पडदा आहे. बाबा आणि मी उठायच्या आत तिला आंघोळ उरकायची असते. पावसाळ्यात वाळत घातलेल्या साडीचा आडोसा करून कपडे बदलायचे असतात. आणि संध्याकाळी सातनंतर ती पाणी पीत नाही. रात्री उठायची वेळ आली तर गॅलरीच्या टोकापर्यंत, सगळ्यांच्या अंथरुणांमधून वाट काढत संडासला जावं लागतं, म्हणून. “आता मुलगीही पाणी पीत नाही रात्री,” ती म्हणाली. “मी सांगितलं नाही तिला. बघून शिकली.”

बायको रात्री पाणी पीत नाही हे मला माहीत होतं. जेवताना तिचा पेला कोरडा असतो हे मी इतकी वर्षं पाहत होतो. ती तिची सवय आहे, असं समजत होतो. का, असं एकदाही विचारलं नाही. त्या गॅलरीवर मी दिवाळी अंकात लेख लिहिला होता. चाळीत कुणी एकटं नसतं, असं त्यात मोठ्या प्रेमाने लिहिलं होतं. एकटं असण्याची गरज कुणाला पडत असेल, हे माझ्या लेखणीला सुचलं नव्हतं. माझ्या गिरगावची मजा मी लुटली आणि तिचं भाडं ती भरत राहिली.

बदलापूरबद्दलचं माझं मत त्या गाडीत बदललं नाही. बदललं ते घराबद्दलचं. माझ्या लेखी घर म्हणजे पत्ता होता, चारचौघांत सांगायचा. दिवसाचे सर्वाधिक तास जी त्या घरात वावरते, तिला त्याविषयी काय वाटतं, हा प्रश्नच माझ्या हिशेबात नव्हता. शिवाय ज्या पत्त्याची मी मिजास करायचो, तो तरी माझा कुठे होता? पागडी म्हणजे शेवटी भाडेकरूपण. खोल्या सोडताना प्रथेप्रमाणे मालकाने आपला हिस्सा घेतला, तेव्हा ते पुरतं उमगलं.

शेवटी तोच फ्लॅट घेतला. करार नोंदवताना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीदार म्हणून तिचं नाव पहिलं घातलं. इंडेक्स टू हातात आला तेव्हा तिने स्वतःचं नाव बोट लावून वाचलं. रेशनकार्ड सोडलं तर चाळीतल्या कुठल्याही कागदावर ती नव्हती.

आता खरं सांगायचं तर बदलापूरने सगळं गोड केलं असं नाही. सकाळची लोकल इथूनच सुटते म्हणून जागा मिळेल, हा समज पहिल्याच आठवड्यात फिटला. २०१९ च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. त्या दिवशी गिरगावातून फोनवर फोन आले, काही काळजीचे, काही ‘सांगितलं होतं ना’ छापाचे. आमच्या बाजूला पाणी आलं नाही, पण पश्चिमेला उल्हास नदीकाठच्या वस्त्यांत घरं बुडाली. उभारताना पूररेषा कुणी पाहिली नसेल, तर त्याची किंमत घर घेणारा मोजतो. आणि शेजार? चाळीसारखा नाहीच. बंद दारांची मला अजून पुरती सवय झालेली नाही.

संस्कृतीचं मात्र माझं मलाच हसू येतं. जुनी, दुर्मीळ मराठी पुस्तकं जपणारं ग्रंथसखा वाचनालय याच गावात आहे. २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेलं हे शहर २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात पोहोचलं. ही माणसं काही आभाळातून पडली नव्हती. परळ, लालबाग, दादर, गिरगाव इथूनच, माझ्यासारख्यांचे टोमणे ऐकत आली होती. बरोबर आपले गणपती, भजनी मंडळं आणि वर्गणीची पावतीपुस्तकंही घेऊन आली होती.

खोड मात्र सहजी जात नाही. परवा भाचा म्हणाला, “मामा, वांगणीला घर बघतोय.” माझ्या तोंडून चटकन निघालं, “वांगणी? एवढ्या लांब?” बदलापूरच्या पुढचं स्टेशन ते! बायकोने स्वयंपाकघरातून माझ्याकडे असं पाहिलं की वाक्य तिथेच गिळलं. मग कामाचं बोललो. रेरा नंबर तपास. ओसी आली असेल तर जीएसटी लागणार नाही. करार नोंदवायच्या आधी दहा टक्क्यांवर पैसे देऊ नकोस. पावसात पाणी कुठवर येतं ते एजंटला विचारू नकोस, जवळच्या किराणावाल्याला विचार. घर फक्त सुनबाईच्या नावावर घेतलंस तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूटही आहे, २०२१ पासून.

“आणि बघायला जाशील तेव्हा तिला ने,” मी म्हटलं. “तिथे तू बोलू नकोस. ती कुठल्या खोलीत जास्त वेळ थांबते, तेवढं बघ.”