कानांनी पाहिलेले वोकिंग

दृष्टी अधू होऊन बारीक अक्षर वाचणे थांबले, तेव्हा कपाटातील पुस्तके परकी वाटू लागली. यंदा इंग्लंडला मुलाकडे गेलो असता त्याने मोबाइलवर एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही १८९८ची विज्ञान कादंबरी श्राव्य रूपात लावून दिली.

कादंबरीत मंगळवासीयांचे पहिले यान कोसळते ते हॉर्सेलचे माळरान वोकिंगजवळ आहे. लंडनहून रेल्वेने अर्ध्या तासाचा प्रवास. वेल्स १८९५मध्ये वोकिंगला राहावयास आले व सायकलवरून त्यांनी हा परिसर पालथा घातला. गावात आज मंगळयंत्राचे तीन पायांचे उंच धातुशिल्प उभे आहे.

सौभाग्यवतींसह माळावरील वाळूच्या खाणीपाशी बसलो. कानात निवेदकाचा स्वर. यानाचे झाकण आतून फिरू लागले. ऐकलेले मी मराठीत सांगत होतो. नायक पत्नीला लेदरहेडला नातलगांकडे सोडून एकटाच परततो, तेथे त्या म्हणाल्या, “अहो, मग तिचे काय झाले?”

महाविद्यालयात असताना ही कादंबरी मी वाचली होती. पण लढायांच्या ओढीने तिची पाने भरभर उलटली होती. कानांना पाने गाळता येत नाहीत. शेवटपर्यंत ऐकले. वोकिंगच्या घरीच दोघांची पुन्हा भेट होते.

“भेटली,” मी सांगितले. त्यांनी समाधानाने डबा उघडला.